अंदमानले वादळ जन्मते म्हणतात, मंग बहिणीची काळजी करावं का नाही?

पांढरंसोनं_वणी

राम राम मंडळी. इथं नेहमी शेतीचंच विचारतो पण आज जरा वेगळं आहे, चुकीच्या जागी टाकलं असन तं सांभाळून घ्या. माही लहान बहीण जुलैपासून अंदमानले नर्स म्हणून लागली. शहीद द्वीप, जुनं नाव नील, तिथल्या दवाखान्यात. घरातली पहिली सरकारी नोकरी, गावभर पेढे वाटले. आता परवापासून टीव्हीवाले सांगून राहिले का अंदमानजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं अन पुढं त्याचं चक्रीवादळ होऊ शकते. तवापासून आई धड जेवून नाही राहिली.

मी रात्री मोबाइलवर ते विंडी ॲप उघडून बसतो. रंग गोल गोल फिरतात, जांभळं झालं म्हणजे वाईट, एवढंच समजते.

माहं डोकं कुठं अटकलं ते सांगतो. २०२१ ले सप्टेंबरच्या शेवटी ते गुलाब का काय आलतं, तवा आमचं वावर तीन दिवस पाण्यात, खालची बोंडं सगळी सडली, सोयाबीनले उभ्या शेंगात कोंब फुटले. बरं समुद्र आपल्यापासून केवढा दूर, मछलीपट्टणमकडचा धरला तरी पाचशे किलोमीटर. आई म्हणते, जे वादळ पाचशे किलोमीटर जमिनीवरून चालत येऊन आपलं एवढं करते ते समुद्राच्या मधात बसलेल्या बेटाचं काय ठेवत असन? अन मले याचं उत्तर देता येत नाही. आपल्याकडे पूर आला तं माणूस वरच्या आळीत जाते, शाळेत जाते, लयच झालं तं ट्रॅक्टर काढून वणीले जाते. बेटावरचा माणूस पळून जाईन कुठं? हे वादळ जन्मते कसं, किती दिवस जगते अन बेटावरून जाताना नेमकं करते काय, कोणी समजेल असं सांगा बाप्पा. यूट्यूबचे व्हिडिओ नका पाठवू, ते सगळे प्रलयच आणतात.

मस्तमौला_उमरेड

भेंडवळच्या घटमांडणीत यंदा समुद्राचं काय निंघालं ते पाहून घ्या आधी 😄 मले तं व्हॉट्सॲपवर आलं का ३०० च्या स्पीडनं सुपर सायक्लोन डायरेक्ट नागपूरवर येऊन राहिलं, गाडीत पेट्रोल भरून ठेवा म्हणे

झेडपी_मास्तर_भंडारा

मस्तमौला, तो मेसेज दरवर्षी येतो, फक्त वेग वाढवून. इथं एका माणसाची आई जेवत नाही आहे, जरा पाहून लिहा.

पांढरंसोनं भाऊ, आईंचा हिशोब शेतकऱ्याचा आहे, म्हणजे दूर येऊन एवढं करते तर जवळ किती करत असेल. पण वादळाला वय असते हे त्यात धरलेलं नाही. अंदमानात ते बहुतेक वेळा पाळण्यात असते, आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर भर जवानीत असते, आणि आपल्या विदर्भात येते ते मरायला. अंदमान त्याचं माहेर, आपण त्याची मसणवट. तुमच्या वावरात २०२१ ला जे आलं ते वादळ नव्हतंच, वादळाचं मढं होतं, पण पोटात पाणी भरलेलं.

आता जन्माचं. माझ्या सातवीच्या पोरांना वाटते चक्रीवादळ म्हणजे मोठी वावटळ. तसं नाही. एप्रिल महिन्यात वावरात पाचोळा घेऊन फिरते ती वावटळ तापलेल्या जमिनीवर उठते आणि पाच मिनिटांत संपते. चक्रीवादळाचं खाद्य म्हणजे वाफ. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वर गरम पाहिजे, आणि नुसतं वरवर नाही तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत, कारण वादळ पाणी घुसळते आणि खालचं थंड पाणी वर आलं की त्याची चूल विझते. गरम पाण्याची वाफ वर चढते, वर थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होते, आणि तेव्हा तिच्यातली उष्णता मोकळी होते. कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त बसतो की नाही? तीच उष्णता. तिनं वरची हवा आणखी तापते, आणखी वर चढते, खाली दाब आणखी कमी होतो, चारही बाजूंनी ओली हवा आत ओढली जाते, तिची पुन्हा वाफ, पुन्हा ढग. एकदा हे चक्र लागलं की समुद्रच त्याला खाऊ घालत राहतो.

गोल का फिरते तर पृथ्वी फिरते म्हणून. आत धावणारी हवा आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि सगळं मिळून घड्याळाच्या उलट फिरायला लागते, फिजीकडे घड्याळासारखं. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा वळवणारा जोर जवळपास नसतोच, म्हणून पाच अंशांच्या आत वादळं सहसा तयार होत नाहीत. आणखी एक अट लागते ती तुम्हाला चटकन समजेल. खालचा वारा आणि वरचा वारा एका चालीनं पाहिजे. एक बैल ओढाळ आणि एक मठ्ठ असला तर औत जसं तिरपं होते तसं वरचा वारा जोराचा असला की ढगांची उतरंड कलते आणि वादळ मोडते. पावसाळ्यात भर जुलै-ऑगस्टात मोठी चक्रीवादळं कमी दिसतात ती यामुळेच. आपल्याकडे हंगाम दोन, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आत्ता दुसरा चालू आहे.

वय मोजायचं वाऱ्यावर. आधी नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, जे तुमच्या टीव्हीवर आलं. यातली बरीचशी तशीच विरून जातात. ३१ किलोमीटरच्या वर वारा गेला की डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, ६२ झालं की चक्रीवादळ, आणि तेव्हाच बारसं होते, त्याआधी नाव नाही. पुढं ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, असं करत २२१ च्या वर सुपर सायक्लोन. जवानीत आलं की मधात डोळा उघडतो, तीस-चाळीस किलोमीटरचा गोल, त्यात वारा नाही, कधी कधी चक्क ऊन. आणि डोळ्याच्या भोवती ढगांची भिंत, सगळा मार तिथं.

मरण कसं येते तर जमिनीवर चढलं की वाफ बंद आणि खालून झाडं-डोंगर-घरांची घासण. नाहीतर थंड पाणी लागलं, कोरडी हवा घुसली, वरचा वारा आडवा आला, तर समुद्रातच संपते. बंगालच्या उपसागरातली बहुतेक आठवड्याच्या आतबाहेर आटोपतात. अपवाद असतात, २०२३ मध्ये फ्रेडी नावाचं एक ऑस्ट्रेलियाकडून निघून सगळा हिंदी महासागर ओलांडत मादागास्कर-मोझांबिकपर्यंत गेलं, ३६ दिवस जगलं, आजवर इतकं कोणी जगलेलं नाही.

आता तुमचं गुलाब. २६ सप्टेंबर २०२१ ला उत्तर आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, तिथंच खरं म्हणजे कंबर मोडली, पण पावसाळ्याची ओली जमीन होती म्हणून ओलावा मिळत राहिला आणि ते तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा असं पाणी सांडत गुजरातकडं गेलं. आणि गंमत म्हणजे तिथून अरबी समुद्रात उतरून पुन्हा जिवंत झालं. नवं नाव शाहीन, ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं. म्हणजे मसणवटीतून उठून गेलेलं. असं क्वचित होते.

दर्याभाऊ_धामणगाव

मास्तरनं पुस्तकाचं सांगितलं, मी डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. नोकरी जहाजावर झाली, त्यातले चार वर्ष पोर्ट ब्लेअरले होतो, आता त्याले श्रीविजयपुरम म्हणतात. रिटायर होऊन धामणगावले संत्र्याच्या बगीच्यात बसलो आहो.

नील बेट मले चांगलं माहीत आहे. लहानसं, बरंचसं सपाट, अन सगळे शेतकरी लोक, बंगाली. अंदमानची भाजीची टोपली म्हणतात त्याले, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात वांगं टमाटर तिथून येते. तुमची बहीण शेतकऱ्यांच्याच गावात आहे असं समजा, फक्त चारही बाजूनं समुद्र. पोर्ट ब्लेअर तिथून बोटीनं दोन तासाच्या आसपास.

पळून कुठं जातात विचारलं ना. कुठंच नाही जात. हे आपल्या लोकायले समजत नाही कारण आपल्या डोक्यात पळणं म्हणजे रस्ता. बेटावर वादळाच्या आधी पहिली गोष्ट बंद होते ती बोट. बंदरावर बावटा चढतो, तीन नंबरचा लागला का लहान होड्या वर ओढून घेतात, मोठ्या बोटी थांबतात. मंग जो जिथं आहे तो तिथंच. लोक पक्क्या इमारतीत जातात, शाळा, पंचायत, दवाखाना. म्हणजे तुमची बहीण जिथं ड्यूटी करते तिथंच बाकीचे लोक येतीन, ती सगळ्यात पक्क्या जागी आहे हे आईले सांगा. उलट तिले काम लागन.

२०१६ च्या डिसेंबरात हॅवलॉक अन नीलवर हजाराच्या वर टुरिस्ट अडकले होते. तवा ते धड वादळ पण झालं नव्हतं, डिप्रेशनच होतं, मागून त्याचं नाव वर्दा पडलं अन १२ डिसेंबरले चेन्नईले जाऊन आदळलं. नुसत्या पाळण्यातल्या लेकरानं एवढे लोक अडकवले, कारण समुद्र खवळला अन बोटी बंद. नेव्ही अन कोस्ट गार्डनं काढलं त्यायले. यात जीवाची भीती कमी अन हाल जास्त. हॉटेलातलं राशन संपते, एटीएम चालत नाही, लाइट जाते, मोबाइल जाते. आता २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तं नेट बरं झालं म्हणतात, आमच्या वेळी सॅटेलाइटवर होतं सगळं, घरी एक फोन लावायचा म्हणजे पाठ दुखून जाये.

म्हणून एक सांगतो, वादळ गेल्यावर दोन दिवस बहिणीचा फोन नाही लागला तं लगेच वाईट नका समजू. टॉवर पडला असन, बॅटरी उतरली असन. हे आईले आताच सांगून ठेवा, तवा सांगाल तं ती तुमच्यावर विश्वास नाही ठेवणार.

अन डोळ्याचं मास्तर बोलले ते लय महत्त्वाचं. डोळा डोक्यावर आला का अर्धा तास तासभर एकदम शांत होते. नवीन माणूस समजते वादळ संपलं अन छत पाहायले बाहेर निंघते. मंग वारा उलट्या दिशेनं येते, अचानक. आधीच्या वाऱ्यानं ढिले झालेले पत्रे दुसऱ्या वाऱ्यानं उडतात. पत्रा उडाला म्हणजे तो तलवारच असते. नारळाचं झाड अन पत्रा या दोन गोष्टीपासून दूर राहा म्हणा, समुद्रापासून तं राहीनच.

हवामान_पोट्टा_चंद्रपूर

मास्तर तुमचं सगळं बरोबर पण ते माहेरवालं जरा सांभाळून वापरा. बहुतेक वेळा ठीक आहे, म्हणजे २०१३ चं फायलिन अंदमानात मायाबंदरजवळून गेलं तेव्हा डिप्रेशनच होतं, तीन दिवसांनी ओडिशात गोपाळपूरला पोचलं तेव्हा वारा दोनशेच्या वर. २०१४ चं हुदहुद ८ ऑक्टोबरला अंदमानवरून गेलं, १२ ला विशाखापट्टणम उलटंपालटं केलं. पण त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात लेहर आलं ते पोर्ट ब्लेअरजवळून जाताना तीव्र चक्रीवादळ होऊन बसलं होतं, झाडं पडली, घरं पडली. आणि मग आंध्रात पोचेपर्यंत पुन्हा डिप्रेशन, म्हणजे हे लेकरू माहेरीच मोठं झालं आणि सासरी जाताना वाटेतच आजारी पडलं. त्यामुळे "अंदमान आहे म्हणजे काही होत नाही" असं आईंना नका सांगू, "अजून लहान आहे, रोज सकाळी आयएमडीचं, म्हणजे भारतीय हवामान खात्याचं, बुलेटिन पाहू" असं सांगा.

दुसरं म्हणजे बेट बेट सारखं नसते, हे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

वारा सगळीकडे वाराच, आणि दुप्पट वेग झाला की धक्का चौपट होतो हे लक्षात ठेवा, ६० आणि १२० मध्ये दुपटीचा फरक नाही. पण माणसं जास्त मरतात ती पाण्यानं. वादळ समुद्राचं पाणी पुढं ढकलत आणते, किनाऱ्यावर पाण्याची भिंतच चढते. थोडंसं दाब कमी झाल्यानं पण चढते, एक मिलिबार कमी तर साधारण एक सेंटीमीटर, पण मुख्य काम वाऱ्याचं. आता हे पाणी किती चढणार ते तळावर आहे. बंगालच्या उपसागराचं वरचं टोक उथळ आणि नरसाळ्यासारखं, तिथं ढकललेल्या पाण्याला जायला जागा नाही, म्हणून वरच चढते. १२ नोव्हेंबर १९७० ला आताच्या बांगलादेशातल्या भोला बेटावर आणि आजूबाजूच्या बेटांवर हेच झालं, रात्रीची वेळ, त्यात भरती, तीन ते पाच लाख माणसं गेली. आजवरचं सगळ्यात जीवघेणं चक्रीवादळ तेच. १९९१ ला तिथंच संद्वीप, कुतुबदिया बेटांकडे पुन्हा तसंच, एक लाख अडतीस हजारांच्या आसपास. ती बेटं म्हणजे नदीच्या गाळाची, आपल्या बांधाएवढी उंच.

अंदमानच्या बाजूला समुद्र लवकर खोल होतो, म्हणून तशी भिंत चढत नाही, लाटा मात्र मोठ्या येतात, त्यातल्या बऱ्याचशा बाहेरच्या प्रवाळावर फुटतात. म्हणजे भोलाचे आकडे वाचून नीलची भीती घेऊ नका, प्रकारच वेगळा.

तिसरा प्रकार डोंगराळ बेट. तिथं वारा राहिला बाजूला, पाऊस मारतो, कारण ओली हवा डोंगराला आदळून सगळं तिथंच ओतते. हिंदी महासागरात रियुनियन म्हणून फ्रान्सचं बेट आहे, २००७ मध्ये गामेद वादळात तिथल्या एका ज्वालामुखीच्या काठावर तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पडला. वणीला साडेतीन-चार वर्षांत पडते तेवढा. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात श्रीलंकेत दितवा आलं, वारा काही फार नव्हता, साधं चक्रीवादळच, पण दरडी कोसळून आणि पुरात सहाशेच्या वर माणसं गेली. नुसता वेगाचा आकडा पाहून वादळ मोठं की लहान ठरवणाऱ्यांसाठी हे. (मस्तमौला काका, तुमच्यासाठीच 🙏)

आणि चौथं, लक्षद्वीपसारखी प्रवाळाची बेटं. पायाखालची जमीन दोन-चार मीटर, डोंगर नावाला नाही. अशा बेटावर गोड्या पाण्याची नदी नसते, पाऊस जमिनीत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, दुधावरच्या सायीसारखा, आणि विहिरी त्या सायीतून पाणी काढतात. लाट एकदा बेटावरून गेली की साय खारट. २०१७ च्या ओखी वादळात लक्षद्वीपच्या मिनिकॉय-कल्पेनीला समुद्र आत घुसला होता.

दर्यापूरची_ताई

आमच्या गावाच्या नावात दर्या आहे अन समुद्र कोणी पाहिला नाही 😅 पण ते खाऱ्या पाण्याचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअर मारलं तं खारं पाणी, ओलित करावं तं जमीन पांढरी फुटते, पिढ्यानपिढ्या पावसाच्या भरवशावर हरभरा अन कापूस. हे आपलं जन्माचं दुखणं आहे. पण ज्याची जमीन काल गोड होती अन एका रात्रीत समुद्र येऊन खारी करून गेला त्या शेतकऱ्यानं काय करायचं? किती वर्ष लागतात धुवायले?

आणखी एक, त्या वादळायले गुलाब, तितली असे नाव कोण देते हो. गुलाब म्हणे.

हवामान_पोट्टा_चंद्रपूर

ताई, सुंदरबनात हेच झालं. २५ मे २००९ ला आयला आलं, वारा काही खूप मोठा नव्हता, पण नदीचे बांध फुटले आणि खारं पाणी भातखाचरात शिरलं, काही गावांत भरती-ओहोटी महिनोनमहिने वावरातूनच चालू होती कारण बांध बांधून होईना. पुढचे दोन-तीन हंगाम भात नीट आलाच नाही. तळ्यातली मासळी मेली, गुरांना प्यायला पाणी नाही. पुरुष माणसं केरळ, तामिळनाडू, अंदमानला मजुरीला निघून गेली. मग लोकांना जुनी खारं सोसणारी भाताची वाणं आठवली, जी त्यांच्या आज्यांनी लावणं सोडून दिलं होतं, ती शोधून काढून पुन्हा पेरली. पाऊस चांगला झाला आणि पाणी वाहून जायला उतार असला तर मीठ धुतलं जाते, पण तुमच्याकडे जशी चिकण काळी जमीन आहे तशी असली तर वेळ लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

झेडपी_मास्तर_भंडारा

लेहर मी विसरलोच होतो, बरोबर आहे पोरा.

ताई, नावं या भागातले तेरा देश आधीच देऊन ठेवतात, देशांची यादी क्रमानं फिरते, त्या वेळी ज्याचं नाव पुढं असेल ते लागते. गुलाब पाकिस्ताननं दिलेलं, शाहीन कतारनं. तेज, गती ही आपली. अमेरिकेत आधी फक्त बायकांचीच नावं देत होते, १९७९ पासून पुरुषांची पण आली, बायकांनी भांडून घेतली.

आणि शब्दांवरून एक गोष्ट आठवली जी मी वर्गात दरवर्षी सांगतो. ८ नोव्हेंबर २०१३ ला फिलिपिन्सच्या लेइते बेटावर हैयान वादळ आलं. इशारा होता, टीव्ही-रेडिओवर सगळीकडे सांगत होते की स्टॉर्म सर्ज येणार. लोकांना वारा कळत होता, वादळं त्यांना नवी नाहीत, पण स्टॉर्म सर्ज हा शब्द कळलाच नाही. ताक्लोबान शहरात पाच मीटरच्या वर पाणी चढलं. वाचलेले लोक मागून म्हणाले, त्सुनामी येणार म्हटलं असतं तर आम्ही पळालो असतो. सहा हजार तीनशे माणसं गेली. मी पोरांना विचारतो याला आपल्या भाषेत काय म्हणाल. एक पोरगी म्हणाली, "सर, समुद्राला पूर येणार म्हणायचं." मला तर पुस्तकातल्या वादळी लाटेपेक्षा तोच शब्द बरा वाटला.

मस्तमौला_उमरेड

बरं बाप्पा चुकलं माहं. पण एक सिरियस विचारतो. वादळ येऊन गेलं का संपलं ना सगळं? आपल्याकडे गारपीट झाली का दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याले येते (येते म्हणजे, आला तं येते), चार महिन्यात काही ना काही सुरू होते. बेटावर मागून काय होते?

दर्याभाऊ_धामणगाव

लाख मोलाचं विचारलं. बेटावर खरे हाल मागूनच असतात. आपल्याकडे यवतमाळले काही झालं तं अमरावतीहून गाडी येते, नागपूरहून येते. बेटावर सगळं बोटीनं, सिमेंटची गोणी पण, विजेचा खांब पण, डिझेल पण. अन जेट्टीच तुटली असन तं बोट लागन कुठं.

कॅरिबियनमधलं पोर्तो रिको पाहा, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, म्हणजे मागं एवढा पैसेवाला देश. २० सप्टेंबर २०१७ ले मारिया आलं, अख्ख्या बेटाची लाइट गेली, शेवटच्या घरी लाइट यायले वर्षाच्या जवळपास लागलं. सरकारनं आधी मेलेले सांगितले ६४. मागून मोजलं तं २,९७५ चा अंदाज निंघाला. बाकीचे वाऱ्यानं नाही मेले, लाइट नाही म्हणून डायलिसिस बंद, इन्सुलिन ठेवायले फ्रिज नाही, रस्ते बंद, म्हणून मेले. मी हे मुद्दाम सांगतो कारण भाऊची बहीण नर्स आहे. तिची खरी परीक्षा वादळाच्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनी असते. दवाखान्याचं जनरेटर अन डिझेल, पाण्याच्या टाक्या, सलाइनचा स्टॉक, हे तिनं आताच पाहून ठेवावं.

अन बेट रिकामं करता येते का हे विचाराल तं येते, पण लहान असलं तरच. त्याच महिन्यात बार्बुडा म्हणून बेट आहे, दीड-पावणेदोन हजार वस्ती, इर्मा वादळानं जवळजवळ सगळी घरं मोडली, मागून लगेच दुसरं वादळ येऊन राहिलं होतं म्हणून सगळ्यायले बोटीत भरून शेजारच्या अँटिग्वाले नेलं. तीनशे वर्षात पहिल्यांदा त्या बेटावर माणूस नव्हता, फक्त कुत्रे अन बकऱ्या. वापस यायले लोकायले महिने लागले.

हवामान_पोट्टा_चंद्रपूर

पण काकाजी उलट उदाहरण पण आहे. २०१५ ला व्हानुआतूवर पाम आलं, अतिशय मोठं वादळ, तरी मेलेले वीसच्या आत. इशारा वेळेत पोचला हे एक, आणि लोकांना कुठं लपायचं माहीत होतं. त्या बाजूच्या पॅसिफिक बेटांवर फणसाच्या जातीचं एक फळ खड्ड्यात पुरून आंबवून ठेवतात, वादळात झाडं गेली की ते काढून खातात. आपल्या पेवातल्या ज्वारीसारखं. आणि बांगलादेशानं १९७० नंतर स्वयंसेवक उभे केले, शेल्टर बांधले, आता तेवढीच मोठी वादळं येतात पण मृत्यू लाखांत नाही जात.

पांढरंसोनं_वणी

सगळ्यायचे उपकार झाले. काल रात्री हे सगळं आईले वाचून दाखवलं, मास्तरचं पाळण्यावालं दोनदा वाचायले लावलं. तिनं विचारलं मंग आता ते लेकरू किती महिन्याचं आहे. मी म्हणलं रांगते आहे.

आज दुपारी बहिणीचा फोन लागला. म्हणे दादा तुम्ही काहून एवढे घाबरले, इथं दोन दिवसापासून बोट बंद आहे, पाऊस धो धो आहे, दवाखान्याच्या टाक्या आम्ही परवाच भरून घेतल्या, सोबतच्या बंगाली ताईनं सांगितलं होतं तसं मेणबत्त्या, टॉर्च, पोहे सगळं घेऊन ठेवलं. वारा पन्नासच्या आतबाहेर आहे म्हणे अन ते आता वायव्येकडे सरकून राहिलं, आमच्यापासून दूर. मी दर्याभाऊचं डिझेलचं सांगितलं तं हासली, म्हणे जनरेटर पाहायले आताच माणूस येऊन गेला.

मंग म्हणते, आमच्याकडून निंघालं म्हणजे चार दिवसात तिकडं आंध्रात लागन, तुमचा कापूस वेचला का? म्या म्हणलं नाही ना, मजूर कुठं भेटते, सगळे सोयाबीनच्या मळणीवर. मास्तर, खरं आहे का हे, चार दिवस धरू का?

झेडपी_मास्तर_भंडारा

किनाऱ्याला लागायला तीन-चार दिवस, आणि तिथून आपल्याकडे ढग यायला आणखी एक-दोन. वळून ओडिशा-बंगालकडे गेलं तर आपल्याला काहीच नाही. पण फुटलेला कापूस झाडावर ठेवून त्याची वाट पाहू नका.

पांढरंसोनं_वणी

ठीक आहे. उद्या पहाटेपासून घरचेच लागतो. आई पण म्हणते मी येतो वेचायले, आता जेवून राहिली.